वैनीनं काढलेलं स्वयंपाकघर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. सांगण्यासारखं तरी त्यात काय आहे? एक कॉम्प्युटर दोन-तीन दिवस बंद होता. कुणाच्या घरी होत नाही?

आमचं घर कट्टा गावात. मी घरूनच कंपनीचं काम करते. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड घातलेलं मोठं मशीन माजघरात ठेवलंय, लिनक्सवर चालणारं. दुपारी त्यावर माझी मोठी जाऊ बसायची — आमची वैनी. पन्नाशी उलटलेली, सातवी शिकलेली. नवीन स्वयंपाकघर बांधायचं ठरलं होतं, आणि त्याचं चित्र तिला स्वतः काढायचं होतं — चहूबाजूंनी फिरवून बघता येतं, तसलं. मी दोन-तीनदा दाखवलं असेल. महिन्याभरात ती चित्रात भिंती उभ्या करायला लागली. "ओट्याकडसून पाठची बाग दिसाक व्हयी," म्हणायची, आणि खिडकी जरा डावीकडे सरकवायची.

शुक्रवारी गवंडी चित्र बघायला येणार होता. इकडे लिनक्सची नवी आवृत्ती आली होती, आणि मला राहवत नव्हतं. वैनी म्हणाली, "माझा काम होवंदे गो, मगे कर." मी हो म्हटलं.

बुधवारी ती धामापूरला देवीच्या दर्शनाला गेली — आणि मी अपग्रेड करून टाकलं. नवीन काय आलंय, एवढंच बघायचं होतं मला. ते झाल्यावर मशीन बंद केलं. पुन्हा लावून बघितलंच नाही.

संध्याकाळी ती आली, बटण दाबलं. मशीन बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह दिसलं, मग नुसता काळा पडदा. तिच्यामागे तिचे यजमान, आमचे दादा, उभे होते.

"तुमी कायतरी दाबलात काय, वैनी?" मी विचारलं.

कुणी माझ्यावर आळ घेतला नव्हता. तरी ते वाक्य इतकं तयार कसं होतं — कुठून आलं? मी अजून शोधते आहे.

"मी कायच करूक नाय गो," ती म्हणाली. मग स्वतःच्या बोटांकडे बघून, हळूच, "की चुकान दाबला गेला?"

दादा म्हणाले, "समाजणा नाय तर हात कित्याक लावचो?"

अपग्रेडचं नाव न काढता मी मशीनसमोर बसले.

आणि पुढचं — ते तर याहून वाईट आहे. गुरुवारी सकाळी, मशीन सुरू होतानाच्या यादीतून जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा आधीचा गाभा, निवडला, तर सगळं नीट चालू झालं. वैनीचं चित्रही जागच्या जागी होतं. तेव्हाच तिला हाक मारता आली असती. पण नव्या कर्नलवरच पडदा काळा का होतो? मला ते कळायला हवं होतं. मी पुन्हा बंद केलं आणि शोधत बसले. वैनी चहा ठेवून जायची, दारातूनच विचारायची, "जमतला मां?" मी मान न वळवता म्हणायचे, "बघतंय."

खरं सांगू? मजेत होते मी.

शुक्रवारी गवंडी आला. दाखवायला चित्र नव्हतं, म्हणून दादांनी काठीनं जमिनीवर रेघा ओढून दिल्या. वैनी बाजूला उभी होती.

शनिवारी कारण सापडलं. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, तयारच झाला नव्हता. मशीनच्या नोंदीत लख्ख लिहिलेलं — अपग्रेड बुधवारचं, दुपारचं. तेव्हा वैनी देवळात होती. दहा मिनिटांत ड्रायव्हर पुन्हा बसवला. "झाला," एवढंच मी घरात सांगितलं. काय झालं होतं, कुणी विचारलं नाही.

स्वयंपाकघर बांधून झालं. खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. वैनी त्या मशीनसमोर पुन्हा कधी बसली नाही. मी एकदा बोलावलं, तर म्हणाली, "तुझ्या कामाचा आसा ता."

गेल्या महिन्यात तिच्या लेकीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मी मोबाईल वैनीपुढे धरला. तिनं पदराला हात पुसले, आणि तसेच मागे घेतले.

"तूच धर गो. माझ्या हातान बिघाडता."

मी धरून उभी राहिले. अपग्रेड मी केलं होतं, हे तेव्हाही सांगितलं नाही.