हळूरावाचा पहिला प्रश्न

आमच्या उताराच्या पायथ्याशी ब्रेकची कामं करणारं गॅरेज आहे. त्याच्या मालकाला सगळे 'हळूराव' म्हणतात. गाड्या थांबवायचा धंदा म्हणून नव्हे, तो बोलतो हळू म्हणून. वाक्य सुरू करील, मध्येच थांबेल, फडक्याला हात पुशील, आणि तुम्ही दुसऱ्या विषयावर गेलात की उरलेलं अर्धं वाक्य आणून समोर ठेवील. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला हा निव्वळ छळ. मी एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. हळूराव माझ्या वर्गात होता. दुसऱ्या वर्षी नापास झाला आणि कॉलेज सोडून गेला. तोंडी परीक्षेत मी त्याला म्हटलं होतं, "तुझं उत्तर येईपर्यंत मी निवृत्त होईन रे." बाकीचे हसले. माझे विनोद माझ्या चांगले लक्षात राहतात. ते ज्याच्यावर केले त्याच्याही लक्षात राहत असतील, हे डोक्यात शिरायला मला अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली.

गॅरेजमध्ये दोन गाड्या मावतात, तिसरी आली की हळूराव मावत नाही. मागच्या भिंतीवर खिळे ठोकलेत आणि प्रत्येक खिळ्याला झिजलेले ब्रेक पॅड टांगलेत. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, तेच हे पॅड. प्रत्येकावर कागदी पट्टी, पट्टीवर तारीख, गाडी आणि एक ओळ. "ट्रेलरवर नेतो." "ट्रॅकवरून थेट मुलीला क्लासहून आणायला जातो." "रागीट आहे, लवकर झिजवतो." डॉक्टरांची टिपणं वाचता येत नाहीत, ह्याची येतात.

शहराबाहेर शर्यतीचा एक ट्रॅक आहे. महिन्यातून एका रविवारी तिथे आपल्यासारखी माणसं आपापल्या गाड्या हव्या तितक्या जोरात पळवतात. फाटकावर गाड्या तपासायचं काम बारा वर्षं हळूरावाकडे होतं. पांढरी टोपी घालून उभा राहायचा. तो वाकून चाकांमध्ये बघायचा, नाक लावून वास घ्यायचा, आणि त्याने मान हलवल्याशिवाय मंत्र्याची गाडीसुद्धा आत जात नसे. गॅरेजमध्ये 'ए हळूराव' म्हणणारे लोक फाटकावर त्याला 'साहेब' म्हणत. त्याच्या आयुष्यात दुसरी कुठली ऐट मी पाहिली नाही.

आता आमचे चिरंजीव. वय सेहेचाळीस, पेशा दाताचा डॉक्टर. सूनबाईसुद्धा तीच, दोघांचा दवाखाना एकच. दोन वर्षांपूर्वी चिरंजीवांनी पिवळी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घेतली. तिच्यात बसायचं तर छत्रीसारखं मिटावं लागतं, आणि उतरताना मला दोन माणसं लागतात. एका रविवारी ट्रॅकवर तिसऱ्याच फेरीत तिचे साधे पॅड जळाले आणि गाडी वळणावरून सरळ वाळूत गेली. चिरंजीव हसत घरी आले. सूनबाई हसली नाही.

पुढच्याच आठवड्यात नवे पॅड घ्यायला तो हळूरावाकडे निघाला. मला डोळे तपासायला जायचं होतं, म्हणून मीही मिटून बसले.

हळूरावाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "डॉक्टर, ट्रॅकवरून घरी कसे जाणार?"

"घरी? याच गाडीतून. उडत जाऊ का?"

"तसं नाही. काही जण... गाडी ट्रेलरवर चढवून आणतात."

"मी चालवत नेतो, चालवत आणतो. आणि हे बघा, मला ते लाल खोक्यातले पॅड हवेत. आमच्या ग्रुपमधला वकील तेच वापरतो. शर्यतीचे."

"वकीलसाहेबांची गाडी ट्रेलरवर येते." हळूरावाने फळीवरून निळं खोकं काढलं. "तुम्हाला हे. मधलं. ट्रॅकवर तग धरतं, आणि सकाळी... गार असतानाही..." मग त्याने फडकं घेतलं आणि हात पुसायला सुरुवात केली.

मला डॉक्टरकडे पावणेअकराची वेळ होती. बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. मी दोन्ही खोकी हातात घेतली. लालवर आठशे अंश लिहिलेलं, निळ्यावर साडेपाचशे.

"अरे, यात विचार कसला करायचा?" मी म्हटलं. "गरम झाल्यावर पॅडची पकड जाते, म्हणूनच तर तो वाळूत गेला. मग जे जास्त तापमान सोसतं ते चांगलं. आठवीतलं पोर सांगेल."

"मॅडम, तसं नसतं. त्या लालला आधी..."

"आधी काय? एका वाक्यात सांग."

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आणि मी म्हटलं, जसं म्हटलं तसंच लिहिते, "तू अजून तोंडी परीक्षेतच बसलायस का रे?"

बाकावरचे दोघे खो-खो हसले. चिरंजीवही हसले. हळूराव मानेपासून कानापर्यंत लाल झाला, निळं खोकं त्याने फळीवर परत ठेवलं आणि गाडी जॅकवर चढवली.

काम झाल्यावर तो खिडकीशी आला. चिरंजीव फोनवर कुणाच्या तरी दाढेबद्दल बोलत होते. हळूराव वाकून, एकेक शब्द मोजून म्हणाला, "हे पॅड गार असताना धरत नाहीत. तापले की धरतात. रस्त्यावर ही गाडी काढू नका. काढलीत तर फार हळू." चिरंजीवांनी न ऐकताच अंगठा वर केला. मी ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. आणि मनात म्हटलं, बघा, आत्ता सुचलं ह्याला वाक्य.

घरी आल्यावर मी कुणाला काही सांगितलं नाही. विसरले असते तर बरं झालं असतं. मला ते सांगायचं नव्हतं, कारण ते खरं निघालं तर माझं चुकलेलं ठरलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. सूनबाईची गाडी सुरू होईना आणि दवाखान्यात पेशंट येऊन बसलेले. तिने पिवळी काढली. आमच्या उतारावरून खाली येताना चौकात ब्रेक दाबला, आणि गाडी जात राहिली. चौकापलीकडच्या छापखान्याच्या भिंतीवर थांबली. मध्ये कुणी आलं नाही, हे नशीब. सूनबाईचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

चिरंजीवांनी ट्रॅकच्या क्लबला पत्र लिहिलं: ब्रेकवाल्याने काही न सांगता भलते पॅड बसवले. क्लबने दोघांना बोलावलं. हळूराव म्हणाला, "सांगितलं होतं." चिरंजीव म्हणाले, "मला काही सांगितलं नाही. आई होती, तिला विचारा." चिरंजीवांनी खोटं सांगितलं नाही, त्यांनी ऐकलंच नव्हतं. सेक्रेटरीने तिथूनच मला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"बाई, त्याने धोक्याची काही सूचना दिली होती का?"

मी म्हटलं, "मला बाई त्यातलं काही कळत नाही."

उभ्या आयुष्यात हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. पोळ्यांपासून राजकारणापर्यंत मला सगळ्यातलं कळतं असं मानणारी मी. पलीकडे कुणीतरी खोकलं, बहुधा हळूरावच असेल. फोन बंद झाला.

त्या महिन्यात फाटकावर दुसरा माणूस आला. गॅरेजसमोर गाड्यांची रांग असायची ती गेली. मी भाजीला जाताना पलीकडच्या फुटपाथवरून जाऊ लागले. कुणी विचारलं तर सांगायची, या बाजूला कोवळं ऊन मिळतं.

प्लॅस्टरमुळे सूनबाईला वेणी घालता येईना, म्हणून रोज सकाळी मी घालायची. एकदा केस विंचरत असताना ती म्हणाली, "आई, मी ब्रेक दाबला होता हो. दगडावर पाय दाबावा तसा, सगळा जोर लावून. रोज वाटतं, मीच कुठेतरी चुकले. घाबरून भलत्याच ठिकाणी पाय दिला असेल. आता बरी झाले तरी पेशंटच्या तोंडात हात घालायचं धाडस होईल की नाही, कोण जाणे."

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला. मग मी सांगितलं. खिडकी, फोन, अंगठा, सगळं.

ती वळली. कंगवा केसात अडकलेला. मी म्हटलं, "काहीतरी बोल."

"मी कशाला बोलू? तुम्ही बोला. तिथे जाऊन."

चिरंजीवांना त्याच दुपारी सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता टॅक्सी बोलावून दिली. रविवारी मी ट्रॅकवर गेले, फाटकापाशी सेक्रेटरीला गाठलं. तो मला सावलीत, बाजूला नेऊ लागला. मी म्हटलं, "बाजूला नको, इथेच." वीसेक गाड्या, इंजिनांचा गोंगाट. वकीलसाहेबांनी आपलं इंजिन बंद केलं, मग बाकीच्यांनीही. मी सांगितलं, की हळूरावाने स्पष्ट सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, आणि विचारल्यावर मी खोटं बोलले. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, त्या दिवशी दुसऱ्या गाडीपर्यंतही गेला नसेल. मग पुन्हा सांगितलं, मोठ्याने. सेक्रेटरी म्हणाला, "कळवू त्यांना." फाटकावरचा नवा माणूस हातातली यादी बघत राहिला. तो बिचारा चांगला होता, त्याला काढणार कसं?

तिथून थेट गॅरेज. हळूराव एकटाच होता. "बसा मॅडम," म्हणाला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, एका शब्दानेही मध्ये न तोडता. हे त्याला वर्गातही जमायचं, मला कधी जमलं नाही.

"मला माहीत होतं, तुम्ही ऐकलंत," तो म्हणाला. "तुमची मान हलली होती."

"मग तिथे का नाही सांगितलंस?"

त्याने फडकं घेतलं. हात पुसले. मी वाट पाहिली. पहिल्यांदाच.

"तुम्ही ऐकलंत की नाही... तो तुमचा प्रश्न. पॅड मी बसवले."

मी भिंतीकडे बघितलं. खालच्या रांगेत शेवटच्या खिळ्याला लाल खोक्यातले ते पॅड टांगलेले होते, जवळजवळ नवे; चौकशीनंतर क्लबने त्याच्याकडेच परत दिले असावेत. पट्टीवर तारीख, 'पिवळी, डॉक्टर', आणि खाली त्याच्या बारीक, सुबक अक्षरात ओळ: "मॅडमना घाबरलो."

बावन्न वर्षांचा माणूस. मला कुठे बघावं कळेना. मी पर्समधून पेन काढलं. "त्याच्याखाली मला लिहू दे. मॅडम खोटं बोलल्या, एवढंच."

"नको मॅडम," तो म्हणाला, ह्या वेळी अजिबात न थांबता. "तिथे मी फक्त माझं लिहितो."

मी पेन परत ठेवलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. तेवढ्यात दारात एक ठेंगणी निळी गाडी येऊन थांबली. कितीतरी दिवसांनी कुणी आलं असावं, कारण हळूराव घाईघाईने उठला, आणि त्याला घाई करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. गाडीतून तिशीचा एक तरतरीत गृहस्थ उतरला. "ट्रॅकवर न्यायचीय. एकदम कडक पॅड टाका, रेसवाले."

हळूरावाने गाडीभोवती चक्कर मारली. "घरी कसे जाणार?"

गृहस्थ माझ्याकडे बघून हसला. "काय आजी, काय विचारतात हे!"

"हसू नका," मी म्हटलं. "त्यांनी विचारलंय. उत्तर द्या."