एबिसूला घेऊन स्टीव्हस्टनला

कॅनडात, ओंटारिओतल्या केंब्रिजमध्ये आमच्या समोरच्या घरात केन मोरीता राहतात. जन्म कॅनडातला, आईवडील जपानी, व्यवसायाने सुतार, २०१७ मध्ये वय त्र्याऐंशी. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. आमच्या बेसमेंटचा जिना त्यांनीच बांधून दिलाय. त्या वर्षी सप्टेंबरात एका रविवारी ते आमच्याकडे चहाला आले आणि माझ्या नवऱ्याला, सुधीरला म्हणाले, "मला व्हँकूवरला जायचंय. एकट्याने विमानात बसायला डॉक्टर नको म्हणतात. तुम्ही दोघं येता का? तिकिटं मी काढतो."

सुधीर नुकताच रिटायर झाला होता आणि माझी लायब्ररीतली नोकरी आता पार्टटाइम होती. तिकिटं आमची आम्ही काढू, या अटीवर आम्ही हो म्हणालो. मग मी विचारलं, "तिथे काय काम आहे?"

केन घरी गेले आणि टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. नारळाएवढी लाकडी मूर्ती होती. गोल चेहऱ्याचा, मोठ्या कानांचा, तोंडभर हसणारा एक माणूस. एका हातात गळाची काठी आणि दुसऱ्या काखेत मासा.

"हा एबिसू. आमच्या कोळ्यांचा देव," केन म्हणाले. "वडिलांचा होता. ह्याला नदीत सोडायचाय."

इतकी वर्षं शेजारी राहून केनचे वडील कोळी होते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. माझं बालपण हर्णैला गेलं, बाबा तिथे पोस्टात होते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देताना मी पाहिलेत. त्यामुळे देव पाण्यात सोडायचा, यात मला काही विचित्र वाटलं नाही. आपण तर दरवर्षी सोडतो. पण केनच्या आवाजात विसर्जनाचा सूर नव्हता. नको असलेलं काहीतरी परत करायला निघाल्यासारखे ते बोलत होते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. तुम्ही जाणार असाल तर हाच काळ निवडा. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते, हॉटेलं निम्म्या दरात मिळतात. मात्र रेनकोट हवाच. टोरांटोहून व्हँकूवर सुमारे पाच तास. एबिसू हँडबॅगेत होता आणि सिक्युरिटीवर बॅग बाजूला काढली गेली. तपासणारी बाई पंजाबी होती, आमच्याकडे बघून तिने सरळ हिंदी सुरू केलं.

"आंटीजी, ये डंडी क्या है?"

"मछली पकड़ने की. भगवान हैं, जापानी."

तिने मूर्ती उलटीसुलटी करून पाहिली, काठीच्या टोकावर बोट फिरवलं आणि टॉवेल आमच्यापेक्षा नीट गुंडाळून दिला. "ठीक है. ले जाइए, गोद में रखना," ती म्हणाली. केननी तिचं काय ते समजून घेतलं असावं, कारण पाचही तास त्यांनी पिशवी मांडीवरच ठेवली.

व्हँकूवर विमानतळावरून टॅक्सीची गरज नाही. स्कायट्रेनने रिचमंडला उतरायचं आणि तिथून बसने स्टीव्हस्टन. विमानतळावरून निघताना तिकिटावर पाच डॉलर जादा पडतात, ते गृहीत धरा. आम्ही गावातच एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. खिडकीतून फ्रेझर नदी दिसायची. करड्या रंगाची, रुंद, समुद्राला मिळायच्या बेतात असलेली.

स्टीव्हस्टन छोटं आहे, पायी हिंडून होतं. धक्क्यावर होड्या लागलेल्या असतात आणि कोळी होडीतूनच मासे विकतात. बरेचजण फक्त रोख घेतात, म्हणून सुट्टे डॉलर बरोबर ठेवा. जुन्या कॅनरीत, म्हणजे जिथे सामन माशाचे डबे भरायचे त्या कारखान्यात, आता म्युझियम आहे. देशाला दीडशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी प्रवेश फुकट होता. आम्ही आत गेलो. केन तिथल्या एका फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. फोटोत नदीवर एकमेकींना बांधलेल्या होड्यांच्या रांगा होत्या.

"ह्यातली एक आमची," ते म्हणाले.

मग बाहेर बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे आजोबा जपानमधल्या वाकायामाच्या किनाऱ्यावरून इथे आले, एबिसू त्यांनीच आणला. जपानशी युद्ध सुरू झालं तेव्हा सरकारने जपानी लोकांच्या सगळ्या होड्या ताब्यात घेतल्या. केन तेव्हा सात वर्षांचे. वडील रोज सकाळी एबिसूपुढे भात आणि मीठ ठेवून होडी परत मागायचे. होडी विकली गेली. वसंत ऋतूत माणसांनाही किनाऱ्यावरून हलवलं. आधी व्हँकूवरमध्ये प्रदर्शनाच्या मैदानावरच्या गुरांच्या गोठ्यात ठेवलं, मग डोंगरातल्या कॅम्पात. युद्ध संपल्यावरही परत येऊ दिलं नाही. पूर्वेकडे जा नाहीतर जपानला जा, असं सांगितलं. ते ओंटारिओत आले.

"निघताना वडिलांनी एबिसूला ट्रंकेत टाकलं. पुन्हा कधी त्याच्यापुढे दाणा ठेवला नाही. ते वारल्यावर मी ट्रंक उघडली तर हा हसतोय," केन म्हणाले. "त्याने आमचं ऐकलं नाही. मग मी कशाला सांभाळू?"

सुधीरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मीही घर सोडून या देशात आले, पण तिकीट काढून आणि लोणच्याच्या बरण्या बांधून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुमिकोबाईंकडे गेलो. त्यांना सगळे 'फुमिको-सान' म्हणतात, पण माझ्या तोंडी पहिल्या तासातच फुमिकोबाई बसलं. कॅम्पच्या शाळेत त्या केनच्या दोन वर्षं मागे होत्या. किनाऱ्यावर परतायची परवानगी मिळाल्यावर त्यांचं कुटुंब इथे परत आलं. मुलगा ग्लेन, पन्नाशीचा, अजून सामन धरतो. केनना दर नाताळात त्यांचं कार्ड यायचं. प्रत्यक्ष भेट मात्र सत्तर वर्षांनी होत होती. बाईंनी केनना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "उंची वाढली नाही तुझी."

"तुझी तरी कुठे वाढली?" केन म्हणाले. मग दोघंही डोळे पुसत हसले.

बाई आम्हाला नदीकाठच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. तिथे जाळी टांगलेली होती, डांबराचा आणि ओल्या दोराचा वास होता. एका भिंतीवर उंच फळी आणि तिच्यावर लाकडाचं इवलंसं देऊळ. पुढे वाटीत तांदूळ, मीठ, पाणी आणि साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, एक छोटी बाटली. आत त्यांचा एबिसू, आमच्यापेक्षा जरा काळवंडलेला. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं. आम्हीही तसं केलं, आणि सवयीने हात जोडले गेले ते वेगळेच.

जपानमध्ये एबिसूची देवळं किनाऱ्याकिनाऱ्याने आहेत, असं बाईंनी सांगितलं. निशिनोमियाला मोठं देऊळ आहे. जानेवारीत त्याचा उत्सव असतो, तेव्हा दुकानदारांची झुंबड उडते, कारण आता तो धंद्याचाही देव आहे. त्यांच्याकडे भाग्याचे सात देव आहेत, त्यांतले तीन आपल्याकडून गेलेले. वीणा घेतलेली एक आहे, ती आपली सरस्वती. "त्या सातांत आमचा घरचा असा हा एकटाच," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात केननी टॉवेल सोडला आणि आपला बेत सांगितला. नदीत सोडायचाय. ऐकलं नाही त्याने.

बाई जराही दचकल्या नाहीत. "ऐकलं नसणारच," त्या म्हणाल्या. "त्याला कमी ऐकू येतं. तुझ्या वडिलांनी मागून ठोठावलं नव्हतं?"

"मागून?" केननी विचारलं.

"ओसाकाकडे लोक देवळाच्या मागे जाऊन फळीवर ठोठावतात. आलो बरं का, असं सांगतात. ह्या महिन्यात बाकीचे देव इझुमोला सभेला जातात. हा जात नाही. बोलावणं ऐकूच येत नाही त्याला. म्हणून ऑक्टोबरात घरी सापडणारा देव हा एकच." त्यांनी स्टूल ओढलं, त्याच्यावर चढल्या आणि छोट्या देवळाच्या मागच्या फळीवर बोटाच्या पेराने तीनदा ठोठावलं. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला स्टुलावर बघून सुधीर पुढे धावला.

खाली उतरल्यावर त्या केनजवळ बसल्या. "आणि नदीत कसला सोडतोस? त्याची गोष्ट माहीत आहे ना? जन्माला आला तेव्हा अंगात हाड नव्हतं. आईबापांनी लव्हाळ्याच्या होडीत घालून समुद्रात सोडला. वाहत वाहत कुठल्यातरी किनाऱ्याला लागला, तिथल्या कोळ्यांनी उचलून वाढवला. एकदा सोडून झालंय त्याला. पुन्हा नको, केन."

केननी मूर्ती फळीवर मात्र ठेवली नाही. पुन्हा टॉवेलात गुंडाळली आणि शेडच्या दारात जाळं आवरत असलेल्या ग्लेनला विचारलं, "उद्या मला नदीच्या मुखापर्यंत नेशील?"

त्या संध्याकाळी तरंगत्या धक्क्यावर आम्ही फिश अँड चिप्स खाल्ले. हॅलिबट घ्या, कॉडपेक्षा थोडा महाग पण वसूल. केननी निम्मंही खाल्लं नाही. सुधीर मला मराठीत म्हणाला, "टाकणार बहुतेक." मी म्हटलं, "त्यांचा देव आहे, त्यांना ठरवू दे." पण मला तो टाकला जायला नको होता, हे खरं.

दुसऱ्या दिवशी मासेमारी बंद होती, त्यामुळे ग्लेन मोकळा होता. लाइफजॅकेटं घालून आम्ही निघालो. फुमिकोबाईंना होडीत गुडघे दुखतात म्हणून त्या काठावर राहिल्या. पाऊस नव्हता, वारा बोचरा होता. बंधारा संपतो तिथे नदीचं मातकट पाणी समुद्राच्या हिरव्या पाण्याला भिडतं, दोन रंग वेगळे दिसतात. ग्लेनने इंजिन मंद केलं.

केननी टॉवेल काढला. एबिसूला दोन्ही हातांनी धरून कठड्याबाहेर नेलं. खाली पाणी चुळबुळत होतं. मी सुधीरचा हात घट्ट धरला. केन जपानीत काहीतरी बोलू लागले. आधी हळू, मग चांगल्या मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. कितीतरी वेळ बोलत होते. ग्लेनने टोपी काढून हातात घेतली होती.

मग त्यांनी हात आत घेतले. मूर्तीवर उडालेले थेंब बाहीने पुसले.

"गारठलाय तो," ते म्हणाले. "चला परत."

काठावर फुमिकोबाई उभ्या होत्या. त्यांनी टॉवेलातला फुगवटा पाहिला. घरी नेऊन गरम भात आणि भाजलेला सामन वाढला. केन दोनदा भात मागून जेवले. परतीच्या विमानात ते टेक-ऑफच्या आधीच झोपले.

पुढे मी ग्लेनला फोन करून विचारलं, ते काय बोलत होते. त्यालाही अर्धंच समजलं होतं. केननी म्हणे आधी बरंच सुनावलं. मग आईवडिलांची, बायकोची खबर दिली, घराचा पत्ता सांगितला. शेवटी, वडिलांनी ट्रंकेत ठेवलं त्याचा राग मानू नकोस, असं म्हणाले.

माझ्याकडे काय उरलं, असं मैत्रिणी विचारतात. स्टीव्हस्टन सुंदर आहे, जरूर जा. पण सूर्यास्ताचे फोटो मी परत फारसे उघडले नाहीत. वीस वर्षं ज्यांच्याशी मी हवा आणि विंटर टायर यांपलीकडे बोलले नव्हते, ते आता दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला येतात. ते बोलतात आणि मी ऐकते. हर्णैबद्दल विचारतात, मग मी बोलते.

जानेवारीत एबिसूच्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं. स्वतः देवदाराचं छोटं देऊळ केलं होतं, सांधे असे की नखसुद्धा जाणार नाही. पुढे तांदूळ, मीठ, आणि चिनी ग्रोसरीतून आणलेला अख्खा लाल मासा. देऊळ रस्त्याकडच्या खिडकीत बसवलं होतं. बाहेर रात्रभराचा बर्फ साचलेला.

सुधीर म्हणाला, "इथून त्याला नदी कुठे दिसणार?"

"नदी बघून झाली त्याची," केन म्हणाले. "इथून तुमचा ड्राइव्हवे दिसतो. रोज सकाळी तुम्ही दोघं बर्फ शोव्हल करताना भांडता, ते बघत बसतो. ऐकू येत नाही, पण मजा येते त्याला."