रिकाम्या पोटांचा अहवाल

धाकटी माझी जाऊ. मी बी.एस्सी. होऊन धरणाखालच्या मत्स्य प्रयोगशाळेत लागले आणि चार वर्षांनी ती आली, ताटल्या-सुऱ्या धुवायला. साहेबांकडे शब्द मीच टाकला होता. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

माशाचं पोट उघडून त्याने काय खाल्लं ते ओळखायचं, हे आमचं काम. मला त्यासाठी पुस्तक लागायचं, भिंग लागायचं. ही बाई सुरी विसळता विसळता सांगायची, "ताई, हा गोगलगायी खाऊन आलाय." भिंगाखाली बघावं तर खरंच शंखांचा चुरा! साहेब तिचं तोंड भरून कौतुक करायचे, घरी सासूबाईही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. वर दिसायलाही बरी आहे मेली.

त्या वर्षी कायम नोकरीची एकच जागा निघाली. शिक्षणाची अट नव्हती. धरणाखालच्या माशांची तब्येत कशी आहे, हे जी नीट शोधेल तिला ती मिळणार होती. मी साठ मासे तपासले. बेचाळिसांची पोटं रिकामी. मी लिहून टाकलं, इथले मासे उपाशी आहेत.

धाकटीने चिरलेला एक मासा माझ्यापुढे धरला. "ताई, पोट रिकामं आहे, पण पित्ताची पिशवी बघा की. चपटी पडलीय. उपाशी माशाची ती हिरवीगार, टम्म असते. हा चांगला जेवलेला आहे. जाळ्यात धडपडताना ओकला असणार. आपण संध्याकाळी जाळं टाकतो, सकाळी काढतो, तोवर काय राहतंय पोटात?"

तिचं बरोबर होतं. मला ते तिथल्या तिथे कळलं. आणि म्हणूनच मी म्हणाले, "तू ताटल्या धू."

अहवाल तसाच दिला. धाकटीने काही लिहून दिलंच नाही. जागा मला मिळाली.

तिने राग धरला नाही, हेच मला जास्त झोंबलं. "बरं झालं ताई," ती म्हणाली. "आता साहेब तुमचं ऐकतील. ते पित्ताचं तेवढं त्यांच्या कानावर घाला. नाहीतर धडधाकट माशांना खाद्य टाकत बसतील."

मी सांगितलं. साहेब खुर्चीतून उठलेच. बरणीतले मासे काढून त्यांनी स्वतः पिशव्या बघितल्या. मग वळून विचारलं, "हे लक्षात कुणाच्या आलं?"

धाकटी मोरीपाशीच उभी होती.

"माझ्या," मी म्हणाले.

ती सुऱ्या विसळत राहिली. घरीही तिने विषय काढला नाही. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या टेबलावर एक ताटली आणून ठेवली. "ताई, याच्या कल्ल्यांना किडे लागलेत. साहेबांना लवकर सांगून या. उशीर केलात तर मग हे माझ्याच लक्षात आलेलं असेल."