काळ्या सिस्टरला बोलावू?

"खातेस की बोलावू त्या काळ्या सिस्टरला?"

मी दारातच होते. हातात औषधांचा ट्रे. खाटेवरच्या सहा वर्षांच्या पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. वरणभाताचा घास न चावताच गिळला. मग पुढचा. तोही गिळला. डोळे माझ्यावरून हलेनात. तिची आई खूश झाली. मला म्हणाली, "बघा सिस्टर, तुमचा किती उपयोग होतो."

मी हसले. काय करणार, हसले.

अमरावतीत राजापेठेकडचं लहान मुलांचं खासगी हॉस्पिटल. पोरीचं नाव आरोही. न्यूमोनिया झाला होता, हाताला सलाईन होतं. वडिलांचं साड्यांचं मोठं दुकान, त्यामुळं स्पेशल रूम. दाखल झाल्या दिवशीच तिच्या आईनं, त्या बाईंनी, मला आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या आणि माझ्याजवळच्या स्टुलावरची पाण्याची बाटली उचलून खिडकीत ठेवली. हे 'अच्छा' मला चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावापासून पाठ आहे. त्याचं नवल नव्हतं. नवल याचं, की या वेळी त्यांनी माझा चेहरा कामाला लावला होता.

मोठ्या डॉक्टरांना ही युक्ती फार आवडली. हॉस्पिटल त्यांचंच. राउंडला आले तेव्हा जनरल वॉर्डात एक पोरगं रडायचं थांबता थांबत नव्हतं. मला हाक मारली. "सिस्टर, जरा समोर उभ्या राहा. काही करायचं नाही. नुसतं बघायचं."

मी उभी राहिले. पोरगं गप्प. त्याच्या शेजारचं गप्प. सगळा वॉर्ड गप्प. मोठी माणसं हसली. मग ते रोजचंच झालं. कुणी औषध थुंकलं, बोलवा काळ्या सिस्टरला. कुणी झोपत नाही, बोलवा.

मला भीती वाटायची. घाबरत तर पोरं होती, तुला कशाची भीती, असं कुणी म्हणेल. मला त्या शांततेची भीती वाटायची. आजारी पोर रडतं, हात झटकतं, आईला बुक्क्या मारतं. ते बरं असतं. ही पोरं श्वास धरून बसायची. आणि नोकरीची भीती होतीच. कागदावर काहीच नाही, सगळं तोंडी. उद्यापासून येऊ नका म्हटलं की संपलं.

अकोल्याला नर्सिंग शिकताना आमच्या शकीला मॅडम सांगायच्या, "बच्चे से झूट नहीं बोलने का. दुखत असन तं दुखीन म्हणायचं. एक बार भरोसा गया, तं ते पोट्टं तुमाले काहीच सांगत नाही." आम्ही पोरी त्यांच्या खिचडी भाषेला हसायचो.

मग बाईंनी नवा हुकूम काढला. "बोलावल्याशिवाय आत येऊ नका. आरोही घाबरते." म्हणजे घाबरवायलाही मीच आणि घाबरते म्हणून बाहेरही मीच. इन्चार्ज सिस्टर म्हणाली, "पेशंट मोठ्या घरचा आहे, त्या म्हणतात तसं कर." मी तसं केलं. दारातूनच विचारायचे, "आरोही, हात दुखतो का?" ती मान हलवायची. नाही. वर हसायची. बाई म्हणायच्या, "बघा, किती शहाणी झाली."

त्या दुपारी औषध द्यायचं होतं म्हणून मी आत गेले. बाई फोनवर होत्या. आरोहीचा हात चादरीखाली. "दाखव बाळा," म्हटलं. "नाही दुखत," म्हणाली. हसत होती, पण ओठ पांढरे पडले होते. मी चादर ओढली.

बोटांपासून कोपरापर्यंत हात टम्म सुजलेला. कातडी ताठ, गार, चकचकीत. चिकटपट्टी मांसात रुतलेली. सलाईन शिरेबाहेर जाऊन हातातच भरत होतं, सकाळपासून. पोरीचा हात जातो की काय, एवढं एकच डोक्यात. मी सलाईन बंद केलं, पट्टी कापायला घेतली.

"सांगितलं काहून नाही गं?"

ती हळूच म्हणाली, "दुखतं म्हटलं की तुम्ही येता."

मोठे डॉक्टर धावत आले. सुई काढली. हात उशीवर उंच ठेवला. आता दुसऱ्या हाताला सुई लावायची होती, औषध थांबवून चालणार नव्हतं. आरोही किंचाळायला लागली. सकाळपासूनचं रडणं बाहेर पडत होतं. बाई ओरडल्या, "हिचं लक्ष कुठं होतं? ही इथं कशाला ठेवलीय तुम्ही?" डॉक्टरांनी नवी सुई उघडली. सुई हातात धरून माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, समोर उभ्या राहा. डोळे वटारा. पटकन होऊन जाईल."

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. ड्युटीवर मी नेहमी शाळेतली मराठी बोलायचे. त्या दिवशी तोंडातून गावचीच निघाली.

"नाही राहत उभी, सर."

"काय?"

"माह्या भेवानं हे लेकरू सकाळपासून गप बसलं. म्हणून हात असा झाला. आता नाही."

मी खाटेशी खाली बसले. आरोहीला म्हटलं, "सुई लावा लागते. दुखीन. लय दुखीन. तू रड, जोरात रड. कोणी काही म्हणणार नाही."

ती रडली. व्हरांड्यातली माणसं दारात गोळा झाली इतकी रडली. सुई लागली. ती मला बिलगली वगैरे नाही. तोंड फिरवून आईच्या कुशीत शिरली. माझी भीती तिला होतीच, का नसावी? इतके दिवस तिला तेच शिकवलं होतं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." आरोहीचा हात वाचला, हे तिथल्या झाडूवाल्या मावशींनी मला फोनवर सांगितलं. त्या हॉस्पिटलातून आलेला तेवढाच फोन.

आता मी अकोल्याला आहे, दुसऱ्या दवाखान्यात, लहान मुलांच्याच वॉर्डात. रोज कुणीतरी म्हणतंच, "गप बस, नाही तं सिस्टर सुई देईन." पैसेवाले म्हणतात, मजूर म्हणतात, आमच्या वस्तीतल्या बायाही म्हणतात. मी हातातलं काम थांबवते. "माह्या नावानं लेकराले भेव दाखवायचं नाही," एवढंच बोलते. काहींना राग येतो. एकदा तक्रारही गेली वरपर्यंत. अजूनही बोलताना भीती वाटते.

पण आरोहीचं ते हसू मी विसरत नाही. हात सुजत असताना हसणं. ते हसू माझ्याच घरचं होतं. तो ट्रे घेऊन दारात मी तसंच हसले होते. त्याआधी गावात, शाळेत, होस्टेलात तशीच हसत आले होते, आणि मला सगळे शहाणी म्हणत होते.

आता मी हसणार नाही. दुखलं की तिथंच बोलणार, ज्यानं दुखवलं त्याच्या तोंडावर बोलणार. हा चेहरा माझा आहे. कुणाच्या लेकराला गप्प करायला तो पुन्हा कुणाच्या दारात उभा राहणार नाही. नोकरी जाईल. एकदा गेलीच आहे.