कोरे तांदूळ

वडगावात वीज गेली की ती आधी कानांना कळते. गल्लीभर खडखडणारे माग एकदम थांबतात आणि कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी, कुणाचं तरी खाकरणं ऐकू येऊ लागतं. अशा वेळी मष्णू मागावरून उठतो, हात लुंगीला पुसतो, उंबऱ्यावर बसतो आणि मोबाईलवर लोकांची लग्नं सजवायला घेतो.

वय बावन्न. साड्या विणायला लागून तीस वर्षं झाली, फोटोचा नाद सात वर्षांचा. शिकवलं कुणी नाही. एका उन्हाळ्यात वीज फार वेळ जायची, तेव्हा मेव्हणीच्या लग्नाचे धुरकट फोटो त्यानं बोटानं चाचपडत उजळले. मग नवरीच्या डोक्यावर चंद्र ठेवला. तो चंद्र बघायला अर्धी गल्ली आली. त्यानंतर नवऱ्याच्या तळहातावर उभी असलेली नवरी, बदामात बसलेलं जोडपं, आभाळातून पडणाऱ्या गुलाबपाकळ्या, असं करत वडगाव, अनगोळ ते निपाणीपर्यंतची दीड-दोनशे लग्नं त्याच्या बोटाखालून गेली. पैसे तो घेत नाही. पैसे घेतले की लोक चुका काढतात, असं त्याचं म्हणणं.

कामाची रीत ठरलेली. आधी नवरा-नवरी कापून वेगळे काढायचे आणि मागचं सगळं टाकून द्यायचं. मांडवातले पंखे, लोंबत्या वायरी, खुर्चीत पेंगणारे पाहुणे हे त्याच्या मते लग्नातलं अडगळीचं सामान. त्या जागी राजवाडा.

"पावण्यांनी आहेर केला आणि तुम्ही त्यास्नी फोटोतनं हाकललासा," असं त्याची बायको मालुबाई म्हणते.

गेल्या हिवाळ्यात अनगोळहून पूर्णिमा आली. बँकेत नोकरीला असलेली ही मुलगी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीनं आलेली. तिच्या आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, आणि त्यांचा लग्नातला एकुलता एक फोटो तिनं फ्रेमसकट आणला होता. सासरी आणल्यापासून तो कणकुंबीकडच्या घरात भिंतीवर होता. तिकडच्या पावसाळी ओलीनं कागद काचेला चिकटलेला. काढायला जावं तर फाटणार. मष्णूनं काचेवरूनच मोबाईलनं फोटो घेतला. काचेत त्याचं स्वतःचं प्रतिबिंब पडलं, पट्ट्यांची लुंगी आणि हातातला मोबाईल, नेमकं नवरीच्या मागच्या काळ्या भागावर. त्याला त्याचं काही वाटलं नाही. मागचं जायचंच होतं. दुसऱ्या दिवशी जोडपं राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभं होतं, नवरीची साडी हिरवीगार होती आणि वरून पाकळ्या पडत होत्या.

रविवारी पूर्णिमा दोघा म्हाताऱ्यांना घेऊनच आली. वीज नव्हती. आजोबा भावकू छापलेला फोटो हातभर लांब धरून बघत राहिले.

"मला राजवाड्यात न्हेलास की रं. लग्नादिवशी माझ्या पायात चप्पल नव्हती."

"चप्पल न्हाय घातली अजून, आप्पा. सांगा, घालतो."

"ऱ्हाऊ दे. हिला सवय हाय तशीच."

आजी रुक्माबाई हसली नाही. तिनं फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"दार कुठं गेलं, मष्णू?"

"कसलं दार, आक्का?"

"माझ्या मागं दार होतं. आमच्या माहेरच्या घराचं."

कुणाला काही कळेना. तेव्हा तिनं सांगितलं, आणि हे पूर्णिमालाही नवीन होतं. लग्नाआधी दोन वर्षं रुक्माबाईचे वडील वारले. विधवा बाईनं मांडवात पुढं यायचं नाही, ही तिथली रीत. अक्षता पडल्या तेव्हा आई कुठं होती, हे रुक्माबाईनं नंतर आत्तीला विचारलं. आत्ती म्हणाली, चुलीपुढं, मांडवाकडं पाठ करून. पुढच्या वर्षी आईही गेली. पोरीच्या अक्षतांकडं आईनं पाठ केली, एवढंच रुक्माबाईकडं उरलं. गेल्या साली माहेरगावची एक म्हातारी शेजारीण भेटली. ती सहज बोलून गेली की तुझी आई दारात उभी होती, मी बघितलीय. तेव्हापासून रुक्माबाई फोटोतल्या दाराकडं बघत होती. तिथं तिला नुसता काळोख दिसत होता.

"मला वाटलं, मशीनला माझ्यापेक्षा जास्त दिसत आसंल," ती म्हणाली. "म्हणून दिला हो फोटो."

आजवर कापून टाकलेल्या पाहुण्यांचा मष्णूनं कधी हिशेब ठेवला नव्हता.

"मोबाईलमधनं गेलंय, आक्का," तो म्हणाला. "काचेखाली हाय तसंच हाय. परत काढतो."

पण पुन्हा काढायचं तर प्रतिबिंब पुन्हा पडणार, आणि नेमकं दारावर. त्यानं मालुबाईकडं तिची संक्रांतीची काळी साडी, चंद्रकळा, मागितली.

"भोक पाडलासा तर बघा."

भोक पाडलं नाही. अंगणातल्या सावलीत फ्रेम भिंतीला टेकवली, समोर दोरीवर चंद्रकळा सोडली, आणि तिच्या दोन निऱ्यांमधून फक्त मोबाईलची काच बाहेर काढून मष्णू मागं उभा राहिला. समोर काळंच असेल तर काचेत काळ्याशिवाय काय उमटणार? भावकू म्हणाले, "साडीमागनं बोलतोय गं ह्यो, भुतागत." फोटो स्वच्छ आला.

मग तो उंबऱ्यावर बसला आणि बाकीचे त्याच्याभोवती. त्यानं सावलीचा भाग हळूहळू उजळायला घेतला. पडद्यावरच्या पट्टीवर बोट सरकवायचं, एवढंच काम. पण बोट सरकलं तसा काळोख करडा झाला आणि त्यात चौकटीच्या दोन रेषा उभ्या राहिल्या. दार होतं. मात्र सगळ्या कागदावर पांढरे डाग उठले. ओलीची बुरशी. ती पुसायची त्याच्या हाताला सवय. डागावर बोट ठेवलं की डाग जातो. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

चौथ्यावर त्याचं बोट थांबलं. बुरशीचा डाग गोल असतो. हा लांबट होता, सुताच्या तुकड्यासारखा. त्यानं फोटो मोठा केला. शेजारचाही लांबट. पुढचाही. तीस वर्षं ज्यानं सूत कुठल्या बाजूला जातंय एवढंच बघितलं, त्याला हे सांगावं लागत नाही. ते सगळे एकाच बाजूला कलले होते. दाराकडून निघून नवरीच्या डोक्याकडं. त्यानं पुसलेले तिन्ही परत आणले. मालुबाई वाकून बघू लागली.

"काय झालं?"

"थांब."

त्यानं दार आणखी उजळलं. आता चौकटीत करड्यावर करडा असा एक आकार होता. डोक्यावरून ओढलेला पदर. पदराखालून पुढं आलेला हात, कोपरापासून उचललेला, बोटं उघडलेली. मनगटावर बांगडी नव्हती.

एका काळ्या चौकोनात, जो स्वतःच्या लुंगीच्या प्रतिबिंबासकट कापून त्यानं राजवाडा लावला होता, तिथं पन्नास वर्षं एक बाई हात उचलून उभी होती.

चेहरा मात्र उमटेना. पदराच्या सावलीत हनुवटीची एक कड होती, बस. मोबाईलमध्ये चेहरा सुधारायचं एक बटण आहे. मष्णूनं ते दाबलं. क्षणात पदराखाली एक बाई आली, गोरी, रेखीव, डोळे मोठे, कपाळावर ठसठशीत टिकली.

"ही कोण?" रुक्माबाईनं विचारलं.

"कोण न्हाय, आक्का. मशीननं बनवली."

"मग घालव तिला."

त्यानं घालवली. हनुवटीची कड परत आली. रुक्माबाई मोबाईल हातात घेऊन त्या कडेकडं, मग त्या हाताकडं बघत राहिली.

"अक्षता टाकायलीय व्हय गं?" पूर्णिमानं हळूच विचारलं. "पण आज्जी, बाकीच्यांच्या तर काळ्या दिसतात."

खरंच होतं. मष्णूनं ते आत्ता पाहिलं. जोडप्याच्या अंगाखांद्यावर बारीक काळपट ठिपके होते, पाहुण्यांनी टाकलेल्या अक्षता. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत कुंकवाचा लाल रंग काळपट येतो, हे त्याला माहीत होतं. मग दारातूनच पांढरे का?

"कुंकू लावल्यालं न्हाईत हे," रुक्माबाई म्हणाली. शब्द सावकाश आले. "कुंकवाच्या ताटात हात घालायची सोय न्हवती तिला. घरातलं कोरं तांदूळ घेतलंय आईनं. मूठभर."

मष्णूनं पांढऱ्या रेषा मोजल्या. अकरा. बाकीचे कदाचित अजून मुठीत असतील, कदाचित फोटोच्या चौकटीबाहेर. भावकूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आपण सासूच्या अक्षतांखाली उभे होतो, हे त्यांना आज कळत होतं.

"आणि आत्ती म्हणायची, चुलीपुढं होती," ते म्हणाले.

"चुलीपुढंबी आसंल," रुक्माबाई म्हणाली. "आदी. न्हाईतर मागनं."

"ह्यावर काय करू, आक्का?" मष्णूनं विचारलं. त्याच्या तोंडून हा प्रश्न सात वर्षांत पहिल्यांदाच येत होता. एरवी तो विचारत नसे.

"काय नगं. हाय तसं ठेव."

"माझा राजवाडाबी ठेव," भावकू म्हणाले. "एका भिंतीवर त्यो लावू."

रुक्माबाईनं फोटो आणखी मोठा केला. दोन बोटं कशी पसरायची हे तिला पूर्णिमानं शिकवलेलं. पडद्यावर आता फक्त अकरा रेषा होत्या आणि खाली तिच्याच अठरा वर्षांच्या डोक्याची, मुंडावळ्यांची कड. रेषा आणि डोकं यांच्यात बोटभर अंतर होतं.

"अजून पडल्या न्हाईत की ह्या," ती म्हणाली.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान जराशी खाली घातली. गल्लीत वीज आली. एकामागून एक माग सुरू झाले, पण मष्णू काही उठला नाही.