दांडीचा की बिनदांडीचा

जगातल्या कुठल्याही प्रश्नाला दोन बाजू असतात आणि आमच्या घरमालकांना त्या दोन्ही एकाच वेळी पटतात. जुईनगरला त्यांच्या इमारतीत मी तळमजल्यावर कित्येक वर्षं भाड्याने राहतो, पण या गृहस्थांनी एखादी गोष्ट ठरवून टाकल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. चप्पल घ्यायला गेले की डाव्या पायात एक आणि उजव्या पायात दुसरी घालून ते थेट रिक्षा स्टँडपर्यंत चालून बघतात आणि दुकानाचा माणूस मागे मागे येतो. एकदा त्यांच्याबरोबर मी दिवाळे गावात मासळी आणायला गेलो होतो. पापलेट की सुरमई, याचा खल इतका लांबला की कोळीण वैतागून म्हणाली, "शेट, तुमचा ठरंपर्यंत ही मासली जित्ती होऊन परत खाडीन जाईल." आम्ही अंडी घेऊन घरी आलो.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण माझ्या बाथरूमच्या खिडकीला लागून त्यांच्या वडिलांच्या भातशेतीचा उरलेला तुकडा आहे. बाकीच्या शेतीवर कधीच इमारती उठल्या. या तुकड्यावर जुने बांध आहेत, दोन आंब्याची झाडं आहेत आणि उरलेल्या जागेत कमरेएवढं रान माजतं. मागच्या पावसाळ्यात त्या रानातून एक धामण माझ्या बादलीपर्यंत आली. मी टॉवेल गुंडाळून तसाच वर जाऊन कडाडलो. घरमालक शांतपणे म्हणाले, "सर, टेन्शन नका घेव. तननाशक मारू. फवाराच इकत घेतू." मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहा पाजला.

तो चहा काही अंगी लागला नाही. पनवेलच्या दुकानदाराने त्यांना सांगितलं, की छोट्या ट्रॅक्टरमागे लावायचे फवारे दोन जातीचे. एकाला आडवी लांब दांडी असते, तिच्यावर ओळीने तोट्या. औषध खाली सारखं पडतं, पण दांडी झाडाझुडपांना अडकते. दुसरा बिनदांडीचा, मधल्या एकाच तोटीतून लांबवर पिचकारी मारतो, अडकत कशात नाही, पण वारा आला की औषध नेईल तिकडे. झालं! दोन बाजू मिळाल्या आणि घरमालकांना जगायला कारण सापडलं. जिन्यात, गच्चीवर, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत, ते मला गाठून विचारायचे, "सर, तुमी शिकलेले. दांडीचा घेवाचा का बिनदांडीचा?" मी दांडीचा म्हटलं की ते आंब्याकडे बोट दाखवायचे आणि बिनदांडीचा म्हटलं की खाडीच्या वाऱ्याकडे. "अहो, मग माणसं लावून कापून घ्या!" मी ओरडलो. त्यावर ते विचारात पडले. "हातानी कापाचा का मशीननी?"

शेवटी दोन्ही फवारे प्रात्यक्षिकाला आले. औषधाऐवजी साधंच पाणी भरलं होतं, पण ते कुठवर पोचतं हे दिसावं म्हणून घरमालकांनी त्यात हळद कालवली. दांडीवाला पहिल्याच बांधावर वाकडा झाला. बिनदांडीवाला सुरू झाला आणि नेमका वारा फिरला. माझ्या दोरीवरचे चार पांढरे सदरे लग्नघरातल्यासारखे पिवळे झाले. मी तावातावाने बाहेर आलो, तर घरमालक त्या सदऱ्यांपुढे उभे राहून कौतुकाने म्हणत होते, "पोच चांगली हाय."

आता मात्र घर सोडायचंच, असं मी ठरवलं. ते सांगायला गेलो, तर घरमालक मागच्या रानात हातात पिशवी धरून उभे होते. उरणकडे दिलेली त्यांची थोरली बहीण वाकून टाकळ्याच्या रानभाजीचे कोवळे शेंडे खुडत होती. दरवर्षी श्रावणाच्या आधी ती येते, एवढं मला ठाऊक होतं. मला बघून तिने ओंजळभर पाला पुढे केला. "घ्या सर, लसून घालून करा. बापाचा घर पारला, तिथं ही बिल्डिंग जाली. भावानी सारी-चोली दिली तरी ती दुकानातली. माज्या म्हायेराची म्हनावी अशी यवरीच भाजी ऱ्हायली." आणि ती पुन्हा खुडू लागली.

सदरे आणि घर सोडायचं बाजूला ठेवून मी पाल्यासाठी ओंजळ पुढे केली. घरमालक माझ्याजवळ सरकले आणि तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "दांडीचा मारला तरी टाकला मरल, सर. बिनदांडीचा मारला तरी मरल."

वर्ष उलटलं. परवा पनवेलचा फवारेवाला दुकानदार स्वतः विचारायला आला. यंदा बहिणीचे गुडघे धरलेत, येते की नाही कोण जाणे. पण रान पुन्हा कमरेला लागलं आहे. घरमालकांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. "सर, आता तुमीच काय तो शेवटचा सांगा."

मी बाहेर गेलो, थोडा वेळ आंब्याकडे पाहिलं, मग खाडीकडे.

"वारा फार आहे हो," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात बघू."