खिळ्यावरची पट्टी

दादा गेला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. वहिनीचा फोन आला. ती नुसतीच "शोभा… शोभा…" म्हणत राहिली आणि मला कळलं.

दादाचा जन्म जमिनीचं खचणं मोजण्यात गेला. चुनखडीच्या मुलखात पाणी आतल्या आत दगड विरघळवत राहतं, पोकळी होते आणि एक दिवस वरची जमीन आत बसते. ती किती खचली हे मोजायचं तर न हलणारी एक खूण लागते. एका गावात त्यानं शाळेची पायरी ही खूण धरली. प्रत्येक खेपेला सगळं गाव जागच्या जागी दिसे, म्हणून त्यानं लोकांना निर्धास्त राहायला सांगितलं. मग एका दुपारी शाळेचं अंगण खाली गेलं. गावासोबत ती पायरीही तेवढीच खचत आली होती. सुट्टी होती म्हणून पोरं वाचली… तेव्हापासून दादा कधी एका खुणेवर विसंबला नाही.

रिटायर झाल्यावर तो आणि वहिनी सिल्वासाला माझ्या शेजारी राहायला आले. इथला काळा दगड पाण्याला दाद देत नाही, याचं त्याला कोण कौतुक! तरी स्वारीनं परसातल्या खडकात एक आणि कुंपणापलीकडच्या खडकात दुसरा, असे दोन खिळे ठोकलेच. रविवारी तो जुन्या दुर्बिणीला डोळा लावी आणि मी खिळ्यावर आकड्यांची उंच पट्टी धरून उभी राही.

"सरळ धर, शोभे. तू हललीस तं मी काय वाचू?"

गेल्या वर्षी त्याचे शर्ट सैल व्हायला लागले. आम्ही विचारायचो, तो "ठीक आहे" म्हणायचा. दवाखान्यात तो एकटाच जाऊन आला होता, हे फार उशिरा समजलं. मला त्याचा राग येतो, अजून येतो. जन्मभर खचणं मोजणाऱ्या माणसानं स्वतःचं खचणं घरात कळू दिलं नाही, आणि आम्हाला विचारायला त्याच्याशिवाय दुसरं कोणी ठेवलं नाही.

परवाच्या रविवारी मी पट्टी काढली, परसातल्या खिळ्यावर टेकवली आणि सवयीनं सरळ धरून उभी राहिले. समोर नुसतं कुंपण होतं. वहिनी मागच्या दारात आली, बराच वेळ बघत राहिली.

"वाचून झालं असेल त्यांचं," ती म्हणाली. "ठेव आता खाली."

मला ठेववेना.